पाठीला चेन

नोव्हेंबरात कंपनीकडून गठ्ठा येतो.
तेवीस अंगरखे, निळे, पॉलिएस्टरचे,
घामाचा आणि भाजलेल्या सॉसेजचा वास मारणारे.
सोबत चिठ्ठी: चेन बदलणे, नऊ.
काखेत उसवलेले, सहा.
एकाच्या छातीवर बेरीचा डाग, बघा निघतो का.

रोवानिएमीत माझं शिवणाचं दुकान आहे.
विजारी आखूड करते, पडदे शिवते,
लग्नाचे झगे नवऱ्या मुलींच्या अंगाबरोबर सैल करते.
पाटी फिनिशमध्ये आहे. आडनावही.

गाक्तीला पाठीवर चेन नसते.
ती डोक्यातून घालायची,
हात वर करून, क्षणभर आंधळं होऊन,
आणि गळ्यातून बाहेर यायचं
ते कुणाचं तरी होऊन.

आई म्हणायची, कापड आधी बोलतं, माणूस मागाहून.
बर्फावरून दुरून येणाऱ्याला
नाव विचारायच्या आत कळलं पाहिजे
कुठल्या नदीची, कुणाच्या घरची,
कमरपट्ट्याला बटणं चौकोनी की गोल;
चौकोनी असली तर नजर वळवायची,
गोल असली तर चहा होईस्तोवर थांबायला हरकत नाही.

आणि हा अंगरखा?
गळा उत्स्योकीचा, घेर काउतोकेइनोचा,
बाहीची किनार कुठल्याच गावची नाही.
टोपीच्या चार टोकांत स्पंज कोंबलेला,
तो ओला झाला की चारही वारे
एकाच कानावर लोंबतात.
पट्ट्याला पुढे गोल बटणं, मागे चौकोनी:
पुढून कुंवार, मागून संसारी.
सुईखाली धरला की बरळतो नुसता,
तापातल्या माणसासारखा,
तीन गावांची नावं एका दमात.

तो घालतो यालमारी. तांपेरेचा, वय एकोणीस,
हॉटेल मॅनेजमेंटचं दुसरं वर्ष.
पाहुण्यांना गुडघ्यांवर बसवतो,
कपाळाला काजळीचा ठिपका लावतो,
मानेत बर्फाचा खडा सोडतो, मंत्र पुटपुटतो.
मंत्र म्हणजे शाळेच्या आइस हॉकी टीममधली नावं, उलटी.
हे त्यानंच सांगितलं मला, खाली बघत.
पोरगा वाईट नाही. येताना वेलदोड्याचा पाव आणतो.

एकदा विचारलं त्यानं, तुमच्याकडे रेनडिअर किती?
म्हटलं, तुझ्या बँकेत किती आहेत?
हसला.
मग हसायचा थांबला.

माझा मामा आस्लात
नारिंगी ओव्हरऑल घालून स्कूटरवर फिरतो, बर्फावरच्या,
कानाला फोन, फोनवर लांडग्याची बातमी.
एकदा एका बाईंनी त्याचा फोटो काढला
आणि नंतर सगळ्यांना दाखवला:
मागचा कळप तेवढा ठेवला होता.

नऊ चेन बसवल्या. काखा शिवल्या, दुहेरी टीप मारून.
डाग निघाला नाही.
बिल केलं, करासहित.

माझी स्वतःची गाक्ती कपाटात आहे.
घटस्फोटाला अकरा वर्षं झाली,
पट्ट्याची बटणं बदलायची राहून गेली.
दर उन्हाळ्यात बाहेर काढते, उन्हाला दाखवते,
चौकोनी बटणांवरून अंगठा फिरवते,
परत घडी घालते.

गठ्ठा बांधायच्या आदल्या रात्री
यालमारीच्या पट्ट्याची चौकोनी बटणं तेवढी उसवली.
मैत्रीणसुद्धा नाही अजून त्याला.
एवढं एक वाक्य तरी
त्या कापडानं नीट बोलावं.

जानेवारीत फोन आला:
एका पट्ट्याची चार बटणं भरत नाहीत.
मी डबा कानाशी धरून हलवला.
वाजला.
म्हटलं, इथं तर काही दिसत नाही.